दीपनारायण मास्तरांची किनारपट्टी

व्हॅन घेतली तेव्हा ती बोलते, हे दीपनारायण मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. जपानातून जुन्या गाड्या जहाजाने सुव्याला येतात, तशीच ही आली. पण आधीच्या मालकाने आत एक बाई तशीच सोडून दिली होती. चावी फिरवली की समोरच्या काळ्या पडद्यामागून ती गोड आवाजात काहीतरी म्हणायची, उतरताना पुन्हा काहीतरी म्हणायची, आणि मधे मनात येईल तेव्हा टोकायची. पहिल्याच दिवशी मास्तरांच्या बायकोने, राजमतीने, विचारलं, "ही कोण?"

"यंत्र आहे," मास्तर म्हणाले.

"यंत्र इतक्या अदबीने बोलत नाही. तुमच्याशी तर कुणीच बोलत नाही."

मास्तरांनी उभा जन्म सुव्याच्या शाळेत भूगोल शिकवला होता. फिजीच्या विति लेवू बेटाच्या किनाऱ्यावरची गावं ते झोपेतही ओळीने म्हणत: नावुआ, सिंगातोका, नांदी, लौटोका, बा, तावुआ, राकीराकी. म्हणत म्हणजे खरोखर म्हणत. राजमतीला त्या यादीची अंगाई झाली होती. पण एवढ्या वर्षांत ही सगळी गावं एका दमात, स्वतःच्या चाकांवर बघणं काही झालं नव्हतं. सुट्ट्या लागल्या की पेपर तपासायचे, पेपर झाले की शाळा सुरू. म्हणून निवृत्तीनंतर मास्तर गाडी शिकले, परवाना काढला आणि व्हॅन घेतली. आता निमित्त तेवढं हवं होतं.

निमित्त राजमतीच्या थोरल्या भावाने पुरवलं. बिसराम राकीराकीला असतो. त्याचा ऊस आहे, दोन बसगाड्या आहेत, आणि बसला हॉर्नची गरज पडू नये असा आवाज आहे. त्याच्या मुलीचं, शायलचं, लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, नवरीच्या आत्याने लाह्या भाजायच्या असतात; त्याच दुसऱ्या दिवशी होमात पडतात. मावशी चालत नाही, काकू चालत नाही. आत्याच लागते, आणि शायलला आत्या एकच.

बिसरामचा फोन आला. "मास्तर, राजमतीला घेऊन बसने या. माझीच बस सुव्याहून सुटते, पुढची सीट ठेवतो. ती गाडी आणू नका. लग्नघरात आधीच पुष्कळ काळज्या आहेत."

मास्तरांनी फोन खाली ठेवला, तो तास संपल्यावर नकाशा गुंडाळून ठेवावा तसा, हळू. मग म्हणाले, "आपण गाडीने जाणार आहोत."

सुवा ते राकीराकी पूर्वेकडच्या डोंगरातल्या रस्त्याने गेलं तर माणूस न्याहारी करून निघतो आणि जेवायला पोचतो. पश्चिमेकडून समुद्राच्या कडेने गेलं तर जवळजवळ अख्ख्या बेटाला वळसा पडतो. मास्तरांचा बेत वळशाचा होता, हे सांगायला नको. राजमतीने कपाळाला हात लावला, पण तिलाही नावुआला जायचंच होतं. लाह्यांना साळ लागते, आणि तिच्या मते लाह्यांची साळ जगात एकाच ठिकाणी पिकते, ती म्हणजे नावुआच्या चुलतबहिणीच्या शेतात.

"एकदा नावुआला गेल्यावर मागे कशाला फिरायचं?" मास्तर म्हणाले. हा युक्तिवाद त्यांना इतका आवडला की त्यांनी तो कुंपणावरून शेजाऱ्यांनाही ऐकवला.

शेजारी म्हणजे एका बाजूला फैयाज टेलर आणि दुसऱ्या बाजूला आपिसाई. आपिसाई चर्चच्या गायनात खर्जात गातो, त्यामुळे त्याने साधं "टायर बघून घ्या" म्हटलं तरी ते वरून आल्यासारखं वाटतं. फैयाजचा सल्ला होता की रस्त्याचं काम चालू आहे, जाऊ नका. कुठे चालू आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कुठे ना कुठे चालू असणारच." त्याच्या बायकोने मळमळीवर लिंबं दिली. आपिसाई बराच वेळ व्हॅनकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "मास्तर, यात मागे जागा बरीच दिसते?"

अनुभवी माणसाने इथेच सावध व्हायला हवं होतं. मास्तर म्हणाले, "जागा? अरे, दहा माणसं बसतील!"

मधे वाहनखात्याचा एक प्रसंग झाला, तो थोडक्यात सांगतो. गाडीची तपासणी करायची होती. ब्रेक पास झाले, दिवे पास झाले, रंग नापास झाला. कागदावर पांढरा होता आणि खिडकीतल्या बाईंच्या मते गाडी मलईच्या रंगाची होती. मास्तरांनी त्यांना सूर्यप्रकाश आणि पांढरा रंग यांचं नातं समजावून सांगितलं. त्या ते शांतपणे ऐकून म्हणाल्या, "सर, बाहेर ऊन आहे. आपण ढग यायची वाट बघू." सुव्यात ढगाची वाट फार बघावी लागत नाही. ढग आला, बाईंनी बाहेर येऊन पुन्हा पाहिलं आणि गाडी पांढरी झाली.

निघायच्या सकाळी फाटकासमोर आपिसाईची मावशी उभी होती. सगळी वाडी तिला बूबू म्हणते, म्हणजे आजी. तिच्या मागे माणसाच्या उंचीच्या गुंडाळलेल्या दोन चटया आणि दालोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांचा भारा होता.

"सिंगातोक्याच्या अलीकडच्या गावात आमच्यात एक मयत झालंय," आपिसाई म्हणाला. "बूबूला वाटेत सोडा. तुमच्या वाटेवरच आहे."

नकाशात ते वाटेवरच होतं, आणि नकाशाशी वाद घालणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. बूबूचे गुडघे दुखतात म्हणून ती पुढे बसली. राजमती मागे, बॅगा आणि दालो यांच्यामध्ये. चटया टपावर बांधल्या. बूबूने डोळे मिटून प्रवासासाठी प्रार्थना केली. जपानी बाई मधेच काहीतरी म्हणाली. बूबू तिलाही आमेन म्हणाली, आणि गाडी निघाली.

नावुआला साळीचं पोतं मिळालं. चुलतबहिणीने त्याबरोबर मांडवासाठी केळीचे दोन खुंट दिले, बुंध्यासकट आणि पानांसकट. नको म्हणायची सोय नव्हती, तिने ते आधीच कापले होते. खुंट मागच्या दारातून बाहेर आले आणि दार सुतळीने बांधावं लागलं. आता समुद्र दिसू लागला होता. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला माड, आणि मास्तरांचा आवाज सुरू: "हा प्रवाळाचा किनारा. लाटा तिकडे खडकावर फुटतात, म्हणून इथलं पाणी शांत—"

"समोर पोलीस आहे," राजमती म्हणाली.

पोलिसाने हात दाखवून गाडी थांबवली. गाडीबाहेर सामान आलं की त्याला लाल फडकं बांधायचं असतं, ते नव्हतं. मास्तर रुबाबात उतरले. पोलीस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"सर! भरती-ओहोटी सर!"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"सर, मी सकिउसा! शेवटच्या बाकावरचा! तुम्ही शिकवताना फळ्यापासून दारापर्यंत जायचात, पुन्हा फळ्यापाशी यायचात, म्हणून सगळी शाळा तुम्हाला भरती-ओहोटी म्हणायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

गाडीत राजमती साळीच्या पोत्यावर डोकं टेकून हसत होती. बूबूने काय झालं म्हणून विचारलं, राजमतीने सांगितलं, आणि मग बूबू हसू लागली. बूबू हसली की गाडी हलते.

सकिउसाने गुरूला सोडून दिलं, पण फडकं बांधल्याशिवाय सोडलं नाही. मास्तर रागात होते. मागची पहिली बॅग उघडली, हाताला लाल लागलं ते ओढलं आणि खुंटाला घट्ट बांधलं. बरंच पुढे गेल्यावर राजमतीने मागे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"अहो, ती विहीणबाईंना द्यायची साडी आहे!"

"मग आता सोडून काय उपयोग? पुन्हा पोलीस भेटायचा," मास्तर म्हणाले. साडी वाऱ्यावर फडफडत राहिली. मागून येणारे लोक मोठ्या आदराने वाट देत होते, हे मास्तरांनी दोनदा बोलून दाखवलं.

मयताच्या गावात बूबूला सोडून लगेच निघायचं, असं ठरलं होतं. पण तिथे पुरुष चटईवर मांडी घालून बसले होते, मधे लाकडी परातीत यंगोना, म्हणजे मुळांची पूड, पाण्यात कालवलेली होती, आणि बूबू मोठ्याने म्हणाली, "सुव्याहून मास्तर आलेत. भूगोलाचे." गाडीतून मयताच्या चटया आणणारा माणूस पाठ फिरवून कसा जाणार? मास्तर बसले. एकदा टाळी वाजवून नारळाची वाटी घेतली, प्याले, तीनदा टाळ्या वाजवल्या. यंगोना चवीला ओल्या मातीसारखी लागते आणि पोटात गेल्यावर माणसाला सगळ्या जगाबद्दल सद्भावना वाटू लागते. वाटी फिरून पुन्हा आली. मास्तरांनी मयत झालेल्या म्हाताऱ्याबद्दल, ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, चार चांगले शब्द काढले. ते लोकांना आवडले. वाटी पुन्हा आली.

राजमती दारात येऊन उभी राहिली तेव्हा मास्तरांची जीभ बधिर झाली होती आणि पाय दुसऱ्या कुणाचे तरी झाले होते.

"उठा," ती म्हणाली.

"उठलोच आहे," मास्तर बसूनच म्हणाले.

त्यांना दोघांनी धरून व्हॅनपर्यंत आणलं. त्यांनी चालकाच्या दाराची मूठ शोधली, ती तीनचार ठिकाणी दिसत होती. राजमतीने त्यांच्या हातातून चावी घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मास्तर गाडी शिकायला जात तेव्हा सोबत म्हणून राजमतीही जात असे, आणि शिकवणाऱ्याने तिलाही शिकवलं होतं. परीक्षा दोघांनी दिली. राजमती पहिल्याच वेळेस पास झाली. मास्तर नंतर झाले. त्या विषयावर घरात बोलणं होत नसे.

ती चालकाच्या जागी बसली, सीट पुढे घेतली, आरसा नीट केला आणि पदर खोचला. मास्तर मागे केळीच्या खुंटांना धरून बसले. गाडी सुटणार तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि बूबू पुन्हा आत आली, एक चटई बगलेत घेऊन.

"बूबू, तुमचं गाव आलं ना?"

"रडून झालं," बूबू म्हणाली. "आता लग्नाला येते."

"पण तुम्हाला बोलावणं..." मास्तरांची बधिर जीभ अडखळली.

"मयताला तरी कुठे बोलावलं होतं?"

बूबूने प्रार्थना केली आणि राजमतीने गाडी अशी काढली की मास्तरांना ती हलली हे झाडं मागे जाऊ लागल्यावर कळलं.

नांदी गेलं, लौटोका गेलं. मास्तरांच्या स्वप्नातली गावं एकामागून एक येत होती आणि मास्तर ती केळीच्या पानांतून बघत होते. लौटोक्याच्या पुढे उसाचे ट्रक लागले, उसाची आगगाडी रस्ता अडवून उभी राहिली, ती हलली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जीभ ताळ्यावर आल्यापासून मास्तरांनी जपानी बाईचं भाषांतर करायची जबाबदारी घेतली होती. "म्हणते, पुढे वळण आहे." पुढे वळण असायचंच, किनारा आहे तो. बा गावाबाहेर पडल्यावर बाई तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागली. अदब तीच, पण आर्जव वाढलं होतं.

"पेट्रोल तर नाही म्हणत?" राजमतीने विचारलं.

"छे! पेट्रोलला जपानीतही पेट्रोलसारखंच काहीतरी म्हणत असतील. तसा शब्द तिने उच्चारलेला नाही. आणि काटा बघ, अर्ध्यावर आहे."

काटा गाडी घेतल्यापासून अर्ध्यावरच होता. मास्तरांनी ती गाडीची काटकसर मानली होती.

तावुआ गेलं. पुढे डोंगर उजवीकडे सरकले, डावीकडे समुद्र आणि खारफुटी, आणि दोन्हींच्या मधे जिथे घर नाही, दुकान नाही, अशा ठिकाणी गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली. बाईसुद्धा गप्प झाली.

मास्तर म्हणाले, "येईल कुणीतरी." उसाचे ट्रक आले आणि गेले, साडीला बघून वाट देत गेले. मास्तर म्हणाले, "राकीराकी इथून काही फार लांब नाही." राजमती रस्त्याच्या कडेच्या दगडावर साळीचं पोतं मांडीवर घेऊन बसली होती आणि पश्चिमेकडे बघत होती. सूर्य अजून वर होता, पण खाली यायच्या घाईत होता. ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. रागावलेल्या राजमतीची त्यांना सवय होती. पण ती नुसती पोत्यावरून हात फिरवत होती. शायल जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा राजमतीच्याच मांडीवर दिलं होतं.

मास्तर थोडे लांब गेले आणि त्यांनी फोन लावला. उभ्या प्रवासात त्यांना काहीच इतकं जड गेलं नव्हतं.

"बिसरामभाऊ, मी दीपनारायण. पेट्रोल संपलंय. तावुआच्या पुढे आहोत. या."

पलीकडून एवढंच, "राजमती बरी आहे ना? निघालो."

बिसराम आला तो बस घेऊनच आला, आणि बसमध्ये लग्नघरातल्या सगळ्या बायका, ढोलकासकट. मास्तर अडकलेले बघायची संधी कुणालाच सोडायची नव्हती. त्याने कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, हात पुसले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, भूगोलात पेट्रोल पंप शिकवत नाहीत का?"

बस हसली. मास्तरही हसले, हसण्यावाचून माणसाला दुसरा मार्ग नसतो. राजमती हसली नाही. ती व्हॅनमध्ये बसली आणि सुसाट निघाली. बस पार मागे राहिली.

अंगणात पोचले तेव्हा सूर्य समुद्रावर टेकायच्या बेतात होता. चूल पेटलेली होती, कढईत वाळू तापत होती. खुंटावरून साडी सोडली तर तिच्यात लौटोका-तावुआची धूळ आणि अर्ध्या किनाऱ्याचे किडे होते. शायलच्या आईचा चेहरा उतरला. बूबूने न बोलता आपली चटई उलगडली. कडेला रंगीत लोकरीची झालर, आत बारीक विणकाम. बायका गोळा झाल्या. "ही द्या विहिणीला," बूबू म्हणाली. "साडी काय, सगळेच देतात."

राजमती चुलीपुढे बसली. शायल हळदीने पिवळी होऊन समोर बसली होती. साळ ओंजळीत घेतली आणि राजमती थांबली. लाह्या भाजायच्या आधी आत्याने भावाकडे मागणं मागायचं असतं, आणि भावाने ते द्यायचं असतं. बिसराम तयारीत होता. खिशात सोन्याच्या कुड्या होत्या.

"माग," तो म्हणाला.

"उद्या वरात येईल तिला सामोरं जायचंय ना? बसने जायचं नाहीस दादा. या व्हॅनने जायचं. हे चालवतील. तू शेजारी बसायचं."

बिसरामने आधी खिसा चाचपला, मग बहिणीकडे पाहिलं. "कुड्या घे ग. जोडीला बांगड्या घे."

"सूर्य चाललाय, दादा."

"बाबा, हो म्हणा ना!" शायल म्हणाली.

मास्तर मांडवाच्या खांबाआड उभे होते. दिवसभर आपण एकटेच आपल्या बाजूला आहोत असं त्यांना वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, त्यावर धूळ नव्हती तरी.

"बरं," बिसराम म्हणाला, गावातल्या कुणी कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात. राजमतीने साळ कढईत टाकली आणि पहिली लाही फुटून चुलीबाहेर उडाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरातीच्या बसगाड्या गावाबाहेर आल्याचा निरोप आला. बिसराम नवा सदरा घालून व्हॅनपाशी आला, चाकांकडे बघून देवाचं नाव घेतलं आणि पुढे बसला; मागे राजमती आणि बूबू आधीच बसल्या होत्या. पट्टा बांधला, तो ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मास्तरांनी गाडी काढली. उसातला कच्चा रस्ता, मधे बकऱ्या, पुढे अरुंद पूल. मास्तर बोलत होते. ही जमीन ज्वालामुखीची, म्हणून ऊस गोड. तो बघा डोंगर कसा तुटलाय, आणि डोंगर दाखवायला हात स्टिअरिंगवरून निघायचा. पुलावर समोरून उसाचा ट्रक आला. मास्तरांनी गाडी कठड्याला घासेल न घासेल अशी काढली आणि म्हणाले, "पुलाखालची नदी पाहिलीत?" बिसरामने पाहिली होती. त्याच्या बाजूने दुसरं काही दिसतच नव्हतं.

वरातीपाशी गाडी थांबली तेव्हा बिसरामला पट्टा सुटेना. मास्तरांनी सोडून दिला. तो दाराला धरून उतरला, ओठ थरथरत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवऱ्याचे वडील हार घेऊन पुढे आले. त्यांनी एकदा त्या चेहऱ्याकडे पाहिलं, हार दुसऱ्याच्या हातात दिला आणि बिसरामला मिठीत घेतलं.

"समजतं हो," ते गहिवरून म्हणाले, "मलाही दोन मुली आहेत. शायल आमच्याकडे लेकीसारखी राहील."

बिसराम त्यांना धरून उभा राहिला आणि बराच वेळ त्याने त्यांना सोडलं नाही. ते बघून वरातीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. वाजंत्रीवालेही थांबले.

मास्तरांनी व्हॅनचं दार हळूच लावलं. मागच्या सीटवरून राजमती आणि बूबू उतरत होत्या.

"बघितलंस?" ते राजमतीच्या कानाशी म्हणाले. "किनाऱ्याचं सौंदर्य नीट समजावून सांगितलं की माणसाच्या डोळ्यांत असं पाणी येतं."